पहाटेचा दीड तास कोणाचा, प्रार्थनेचा की कादंबरीचा?

चक्कीघरची_सून | २५ जानेवारी २०२६

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका, आहे. घरची पिठाची चक्की आहे, ती नवरा बघतो, आणि पाच एकर वावर आहे. आम्ही कॅथलिक. गावात आमची मोजून सहा घरं. महिन्यातून एकदा फादर येतात आणि खोलीएवढ्या चॅपेलमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होते. बाकीच्या रविवारी जमलं तर एसटीनं यवतमाळला जातो.

तीन वर्षांपासून मी एक कथामालिका लिहिते आहे. वऱ्हाडातल्या एका घराच्या चार पिढ्या, १८९९च्या दुष्काळापासून पुढे. आमच्या घरातली एक आजी त्या दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, असं लहानपणापासून ऐकत आले. तिथून हे सुरू झालं. पाच भाग ठरवलेत, दोन पूर्ण झालेत, तिसऱ्याची ६४ प्रकरणं झालीत. आधी रजिस्टरमध्ये पेननं लिहिते, मग मोबाईलवर टाइप करून कथांच्या एका ॲपवर दर सोमवारी आणि गुरुवारी टाकते. वाचणारे आहेत. 'पुढचा भाग कधी?' असं रोज कोणीतरी विचारतं.

आता खरी गोष्ट. मी पहाटे साडेचारला उठते. सहाला चूल, डबे, पाणी सुरू होतं, म्हणून माझा स्वतःचा वेळ तेवढाच. पूर्वी तो प्रार्थनेचा होता. उठून दिवा लावायचा, बायबलमधलं त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचायचं, थोडं गप्प बसायचं. कथा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात अर्धा अर्धा केला. मग शुभवर्तमान पाच मिनिटांवर आलं. आता दोन वर्षं झाली, उठते ती थेट रजिस्टर उघडते. मनाशी म्हणते, संध्याकाळी जपमाळ आहेच की.

पण संध्याकाळची गत आणखी वाईट. आत्याबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, आठ वाजता त्यांच्यासोबत बसते. गेल्या मंगळवारी जपमाळेत दुःखाची रहस्ये होती, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग. तिसरं रहस्य, येशूला काट्यांचा मुकुट घालतात ते. दहा वेळा 'नमो मरिये' ओठांनी म्हटलं आणि त्या सगळ्या वेळात मी माझ्या सावकाराची खातेवही भरत होते. कोणाचा बैल नेला, कोणाच्या बायकोची पाटली ठेवून घेतली, अंगठा कुठे उमटवला. आत्याबाईंनी 'पित्याला गौरव' सुरू केलं तेव्हा भानावर आले. मला रडू आलं.

आणि हा सावकार मला फार चांगला जमतो. वाचणारे म्हणतात, अंगावर काटा येतो. त्याचं प्रकरण लिहायला बसले की पेन थांबत नाही. एवढं वाईट माणूस मनात घेऊन मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाते, हे बरोबर आहे का, कळत नाही. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. तिथून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लिखाण पूर्ण सोडावं असं मनात आहे. कदाचित कायमचंच. कोणी अनुभवातून सांगितलं तर बरं होईल.

---

निवृत्त_गुरुजी_अचलपूर | २६ जानेवारी

ताई, तुम्ही प्रश्न टाकला त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ जानेवारीला, संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण होता. १९२३ साली पोप पायस अकरावे यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरवलं. आपला तर त्यांच्याशी घरचा संबंध. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी फ्रान्सकडच्या आनसीहून निघून एकोणिसाव्या शतकात नागपूर-वऱ्हाडात आले, आणि नागपूरचं कॅथेड्रल त्यांच्याच नावाचं आहे. हे संत तरुणपणी शाब्ले नावाच्या डोंगरी मुलखात गेले तेव्हा लोक त्यांचं ऐकायला येईनात. मग हातानं पत्रकं लिहून ती लोकांच्या दाराखालून आत सरकवायचे. म्हणजे लिहिणं हे देवाच्या कामाच्या आड येतं, असं निदान आपल्या आश्रयदात्याच्या आयुष्यावरून तरी दिसत नाही.

मन भटकण्याबद्दल त्यांची शिकवण फार हळुवार आहे. भटकलं की हाताला धरून परत आणा, रागावू नका. तासभर फक्त परत आणण्यातच गेला तरी तो तास वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट संत इग्नेशियसची. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि घरी पडून राहावं लागलं. वाचायला शूर सरदारांच्या कथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. मग ते कधी राजकन्येची आणि पराक्रमाची स्वप्नं रंगवायचे, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्हींत रमायचे, तास तास जायचे. फरक नंतर कळायचा. पहिल्या स्वप्नांनंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यांनंतर आनंद टिकून राहायचा. तुम्ही हेच करून बघा. लिहिताना काय वाटतं ते सोडा. रजिस्टर मिटल्यावर, चूल पेटवताना, मनाची चव कशी असते?

आणि एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पहाटेचा पहिला अर्धा तास परत करा. तो तुम्ही देवाकडून उसना घेतला होता.

---

मेळघाटातली_सिस्टर | २६ जानेवारी

गुरुजींशी शेवटच्या वाक्यापर्यंत सहमत आहे, पण मला वाटतं चोर वेगळाच आहे.

ताई, पहाटे उठल्यावर तुमचा हात आधी कशाला लागतो? रजिस्टरला की मोबाईलला? मी इथे दवाखाना बघते. आमच्याकडे चार किलोमीटर चढून गेल्यावर रेंज येते, तरी रेंज आली की माझा अंगठा आपोआप हिरव्या खुणेकडे जातो. तुमच्या तर उशाशी रेंज आहे आणि वाट बघणारे वाचक आहेत. मला शंका आहे की तुमची प्रार्थना कथेनं खाल्ली नाही. 'किती जणांनी वाचलं' यानं खाल्ली.

कथा देवासमोर नेता येते. आकडा नेता येत नाही, त्याला फक्त बघता येतं.

म्हणून उपवासकाळात लिखाण सोडू नका, आकडा सोडा. सूचना बंद करा, ॲप फक्त भाग टाकायला उघडा. पहिल्या आठवड्यातच कळेल की जीव कशात अडकला होता.

जपमाळेत सावकार आला तर त्याला हाकलायला धावू नका. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात प्रार्थनेतल्या व्यत्ययांवर २७२९ क्रमांकाचा परिच्छेद आहे. व्यत्ययांचा पाठलाग करणं म्हणजे त्यांच्याच सापळ्यात अडकणं, फक्त हृदयाकडे परत यावं, असा त्याचा अर्थ. तिथेच पुढे म्हटलंय की आपण कशाला चिकटलो आहोत हे व्यत्यय उघड करतो. सावकार रोज येतो म्हणजे तो काहीतरी दाखवायला येतो. काय, ते तुम्हीच बघा.

---

रिद्धपूरचा_वावरकरी | २७ जानेवारी

दंडवत ताई. म्या ख्रिस्ती नाई, आमचं घर महानुभाव. पण तुमचं वाचलं अन् रायवलं नाई.

आमच्या रिद्धपुरात म्हाइंभटानं तेराव्या शतकात चक्रधर स्वामीच्या लीळा लिहिल्या. स्वामी निघून गेले होते. मांगं रायलेल्याईचा जीव लागे ना. तवा नागदेवाचार्याच्या तोंडून एक एक लीळा आयकून, गावोगाव फिरून, ज्यानं जे पायलं ते इचारून त्यानं लिहून काढलं. मराठीतलं पयलं गद्य म्हणतात ते हेच. म्हंजे आपल्या भाषेत गोष्ट लिहाले सुरवात झाली तीच मुळी स्मरणासाठी. आमच्यात स्मरण चार परकारचं, नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा. नुसतं नाव घेणं हे स्मरण, अन् तो कसा चालला, कसा बसला, कोणाले काय बोलला, हे डोयासमोर आणणं हेबी स्मरणच.

आता लीळा झालेल्या अन् तुमची कथा मनची, हा फरक हाय. तो म्या इसरलो नाई.

माह्यी माय पऱ्हाटी वेचता वेचता लीळा आठवे. हात बोंडाले, मन तिकडं. तुमचं उलटं झालं, हात मण्याले अन् मन वावरात. पण मनाले तिकडं जायची सवय हाय, हेच मोठं. सवय मोडू नका, तिची वाट फिरवा.

एक इचारतो, राग नका मानू. तो सावकार कोणासारखा दिसते?

---

चक्कीघरची_सून | २८ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुम्ही विचारलं ते खरं आहे. आधी मोबाईलच. काल मोजलं, पहाटे वीस मिनिटं प्रतिक्रिया वाचण्यात गेली, मग रजिस्टर उघडलं.

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला एक दिवस लागला. लिहीत होते आणि पुसत होते.

माझ्या बाबांचं तीन एकर वावर होतं, काळ्या मातीचं, विहिरीजवळचं. मी नववीत असताना सलग दोन वर्षं पऱ्हाटी बुडाली. बाबांनी एकाकडून पैसे घेतले आणि तारण म्हणून त्यानं वावराची विक्रीच लिहून घेतली. पैसे फेडले की परत लिहून देतो, असा तोंडी शब्द. बाबांनी फेडले. वावर परत आलं नाही. बाबा नंतर आठ वर्षं जगले, पण त्या बांधावरून जाणं टाळायला दीड किलोमीटरचा वळसा घालून बाजाराला जायचे. तो माणूस अजून आहे. लग्नाकार्यात भेटतो, 'काय पोरी, बरी आहेस नं' म्हणून विचारतो.

माझा सावकार त्याच्यासारखा दिसतो. तसाच बोलण्याआधी घसा खाकरतो. शंभर वर्षं मागे नेऊन ठेवला, धोतर नेसवलं, पण माणूस तोच. कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरसमोरच्या पापकबुलीत, हे मी कधीच सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं कधी वाटलंच नाही. मला वाटायचं मी कथा लिहिते आहे.

---

वसईची_मालिकावाली | २९ जानेवारी

ताई, तुमची कालची पोस्ट दोनदा वाचली. त्यातल्या माणसाबद्दल मी बोलणार नाही, तो तुमच्या आणि देवाच्या मधला विषय आहे. मी फक्त लिखाण सोडण्याबद्दल सांगते, कारण ते मी करून बसले आहे.

मी सात पुस्तकांची मालिका लिहिली आहे, आमच्या किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाची. चौथ्या पुस्तकाच्या वेळी उपवासकाळात पेन पूर्ण खाली ठेवलं. ईस्टरनंतर परत बसले तर पात्रं बोलेनात. दोन महिने मेलेले गेले. आणि खरं सांगू, त्या चाळीस दिवसांत प्रार्थना वाढलीही नव्हती. मोकळा झालेला वेळ टीव्हीत गेला. तेव्हापासून मी उपवासकाळात लिहिते, पण काहीही प्रसिद्ध करत नाही. ईस्टरनंतर एकदम देते. वाचक थांबतात. काही जातात, ते जाऊ द्यावेत.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स नावाच्या इंग्रज कवीनं १८६८ साली येशूसंघात, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघात, जाताना आपल्या कविता जाळल्या आणि सात वर्षं जवळजवळ काही लिहिलं नाही. तसं करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. १८७५च्या डिसेंबरात थेम्सच्या मुखाशी एक जहाज फुटलं, त्यात पाच फ्रान्सिस्कन सिस्टर बुडाल्या. त्याच्या वरिष्ठांनी सहज म्हटलं की यावर कोणीतरी कविता लिहायला हवी. तेवढ्या एका वाक्यावर तो परत लिहू लागला. म्हणून माझं म्हणणं असं की, कायमचं सोडायचा निर्णय एकटीनं घेऊ नका. तुमच्या फादरना विचारा. आज्ञेनं सोडलेलं आणि घाबरून सोडलेलं यांत फरक आहे.

आणि पात्र वाईट आहे म्हणून कथा अपवित्र होत नाही. इंग्रज लेखक टॉल्किन रोज मिस्साला जाणारा माणूस, चार मुलांचा बाप, कॉलेजात शिकवणारा. त्याची मोठी कथा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९३७ ते १९४९ अशी बारा वर्षं चालली होती, मधे महिनोन् महिने थांबून. एका येशूसंघीय मित्राला १९५३ मध्ये त्यानं लिहिलं की हे काम मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे, आधी नकळत आणि पुनर्लेखनात जाणूनबुजून, आणि म्हणूनच त्यातून धर्माचा उघड उल्लेख त्यानं जवळजवळ काढून टाकला. पुनर्लेखनात, हा शब्द लक्षात ठेवा. पहिला खर्डा रागानं लिहिला असेल तर लिहू द्या. दुसऱ्या हाताच्या वेळी तुम्ही कोण असाल, ते महत्त्वाचं.

गुरुजींचा अर्धा तास मात्र मला पटत नाही. मुलं लहान असताना मला दहा मिनिटं मिळायची. दहाच दिली, पण आधी दिली.

---

निवृत्त_गुरुजी_अचलपूर | ३० जानेवारी

वसईच्या ताईंचं मान्य. 'आधी' महत्त्वाचं, अर्धा तास हा माझा मास्तरकीचा हिशेब.

चक्कीघरच्या ताई, तुमचं वाचल्यापासून एक शब्द डोक्यातून जात नाही. प्रभूची प्रार्थना आपण म्हणताना 'अपराधांची क्षमा' म्हणतो. पण मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय जुन्या मराठी बायबलात उघडून बघा, बारावी ओवी. तिथे 'ऋण' आहे. आम्ही आपल्या ऋणेकऱ्यांना सोडलं, तशी आमची ऋणं सोड. मूळ ग्रीकमध्येही देणं-कर्ज या अर्थाचाच शब्द आहे. चाळीस वर्षं मी हे मुलांना शिकवलं, पण विदर्भात राहून, दर हंगामात कर्जाच्या बातम्या ऐकून, तो शब्द मला कधी टोचला नाही. तुमच्या पोस्टनंतर टोचला.

तुमची सगळी कादंबरी त्या एका ओवीत बसलेली आहे. सावकार जपमाळेत मधे येत नसावा, तो प्रार्थनेतूनच उठून येत असावा.

त्या माणसाला माफ करा, असं मी म्हणणार नाही. वावर तुमचं गेलं, माझं नाही. फक्त लिहायला बसण्याआधी ती एक ओवी, जुन्या शब्दांत, हळू म्हणा. अडली तर अडू द्या.

(ओवी नव्हे, वचन. म्हाइंभटांच्या गोष्टीचा परिणाम!)

---

चक्कीघरची_सून | २४ फेब्रुवारी

राखेचा बुधवार होऊन सहा दिवस झाले, म्हणून कळवते.

फादर या महिन्यात आले तेव्हा बोलले. कन्फेशनही झालं. त्यांनी लिखाण सोडायला सांगितलं नाही. ईस्टरपर्यंत, म्हणजे ५ एप्रिलपर्यंत, ॲपवर काही टाकणार नाही असं वाचकांना लिहून दिलं. मोबाईल रात्री चक्कीवर ठेवते, घराच्या बाहेर. रात्री बाळंतपणासाठी कोणी बोलवायला आलं तर दार वाजवतं, पूर्वीही बरेचजण दारच वाजवायचे. पहिले दोन दिवस पहाटे हात उशाखाली जायचा. सिस्टर, तुमचीच आठवण आली.

सगळं जमतंय असं नाही. शुक्रवारी रात्रभर एका बाईसोबत यवतमाळला जावं लागलं, शनिवारी ना प्रार्थना झाली ना लिखाण. रविवारी तूर घरात आली, तिची पोती मोजण्यात दिवस गेला. पण जेव्हा जमतं तेव्हा आधी ते वचन म्हणते. गुरुजी, ते अडतं. 'ऋणेकऱ्यांस' पर्यंत जाते आणि थांबते. तिथेच दोन-चार मिनिटं बसते. मग रजिस्टर उघडते.

एका पहाटे सावकाराचं प्रकरण लिहीत होते आणि पहिल्यांदाच तो एकटा बसलेला दिसला. रात्री, कंदील विझवून, वही मिटून. कशाला बसला होता ते मला अजून माहीत नाही. आतापर्यंत तो कधी एकटा नव्हता, नेहमी समोर कोणीतरी गुडघे टेकून असायचं. त्या पानावर एकाही वाचकाच्या अंगावर काटा येणार नाही. मी ते फाडलं नाही.

आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून भाग टाकायचा असला की आधी त्यांना वाचून दाखवायचे. आता टाकायचं नाही तरी वाचून दाखवते, जपमाळेआधी. काल ते पान वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग जपमाळ झाली, आम्ही नेहमी शेवटी घरच्या मेलेल्यांची नावं घेतो, मामाजी, माझे बाबा, नणंदेचं बाळ. बाबांच्या नावानंतर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अन् तो तुह्या वहीतला, त्याच्यासाठीबी एक म्हण." मी म्हटलं, आत्याबाई, तो अजून मेला नाही. त्या म्हणाल्या, "मंग आताच म्हण."

म्हटलं. पूर्ण म्हटलं की नाही, ते सांगता येत नाही. आवाज मधे बसला होता, पुढचं त्यांनीच म्हटलं.

दादा, तुमच्या मायला माझा नमस्कार सांगा. उद्या लसीकरण आहे, निजते आता.